काख कोरडी की ओली? औषधाने चढलेला भ्रम ओळखण्याची आणि सांभाळण्याची पद्धत

परवापर्यंत पेपर वाचून शेजाऱ्याशी वाद घालणारे आजोबा आज रात्री भिंतीवरच्या मुंग्या झटकतात, मेलेल्या भावाला जेवायला बोलावतात आणि सुनेला ओळखत नाहीत. अशा वेळी घरात दोन तर्क निघतात. शिकलेले म्हणतात वेड लागलं, बाकीचे म्हणतात बाहेरचं आहे. पोटात काय गेलंय हा तिसरा तर्क बहुतेक वेळा दोन दिवस उशिरा सुचतो. खरं तर सुरुवात त्याच्यापासून करायला हवी.

साधा आडाखा असा. पूर्वी कधी मानसिक त्रास नसलेला, चाळिशी ओलांडलेला माणूस काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत असंबद्ध बोलू लागला, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत कारण शरीरात आहे असं धरायचं. म्हणजे औषध, नशा, नशा तुटणं, ताप, साखर, सोडियम, तुंबलेली लघवी यांपैकी काहीतरी. स्किझोफ्रेनियासारखा आजार बहुधा तरुण वयात आणि हळूहळू सुरू होतो. त्यात आवाज जास्त ऐकू येतात, पण आज वार कोणता आणि आपण कुठे आहोत हे रुग्णाला सहसा सांगता येतं. औषधाच्या भ्रमात ऐकू येण्यापेक्षा दिसतं जास्त. भान येतं-जातं, संध्याकाळ झाली की भ्रम वाढतो, सकाळी माणूस तासभर चांगला बोलतो आणि घरचे निर्धास्त होतात. जुनी माणसं तापात बरळणाऱ्याला ‘वात झाला’ म्हणायची. निदान त्या शब्दात दोष शरीराला दिलेला होता.

या आडाख्याला अपवाद आहेत. स्टेरॉइड, एमडी (मेफेड्रोन ही उत्तेजक नशा) आणि कधी कधी भांग यांत वेळ-काळाचं भान शाबूत राहतं आणि संशय, भीती, मोठेपणाच्या गप्पा तेवढ्या उरतात. ते चित्र हुबेहूब मानसिक आजारासारखं दिसतं. तिथे तपासणीपेक्षा औषधांची पिशवी जास्त बोलते.

पहिली दहा मिनिटं

आधी श्वास आणि शुद्ध बघा. हाक मारून, खांदा हलवूनही डोळे उघडत नसतील, श्वास घरघरत असेल किंवा झटका येत असेल तर बाकी काही न करता कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. तोंडात पाणी, लिंबू, कांदा, काहीही घालू नका.

माणूस जागा असेल तर ग्लुकोमीटरने साखर बघा, मधुमेह नसला तरी. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याची साखर वर येऊन पुन्हा कोसळते. त्यामुळे शुद्धीवर आला म्हणून घरी ठेवायचं नाही, दवाखान्यात न्यायचंच.

मग ताप आणि नाडी मोजा. त्यानंतर बघायच्या तीन गोष्टींना यंत्र लागत नाही.

पहिली, बाहुल्या. टॉर्च बाजूने आणा, डोळ्यात थेट मारू नका. बाहुली मोठी असून उजेडातही आकसत नाही, की टाचणीच्या टोकाएवढी आहे? टाचणीएवढी बाहुली आणि संथ श्वास असेल तर अफूच्या जातीचं औषध किंवा कीटकनाशक यांचा विचार करायचा आणि क्षणभरही थांबायचं नाही.

दुसरी, काख. तिथे बोट फिरवा. बाहुल्या मोठ्या, नाडी जलद आणि काख खडखडीत कोरडी, अंग तापलेलं, तोंड इतकं सुकलेलं की जीभ टाळूला चिकटते, असं असेल तर धोत्रा किंवा त्याच्या जातीचं औषध. बाहुल्या मोठ्या, नाडी जलद, पण काख घामाने ओली आणि हात थरथरतात, असं असेल तर एमडीसारखी उत्तेजक नशा किंवा दारू तुटणं. कारणाची दिशा एका बोटाने कळते आणि उपचारही त्यावरच वळतात, म्हणून हे कधी सोडू नये.

तिसरी, बेंबीखालचं पोट. घट्ट फुगवटा लागतो का? शेवटची लघवी कधी झाली? प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला नुसती लघवी तुंबल्यानेही भ्रम होतो, आणि नळी घातल्यावर तासाभरात तो नीट बोलू लागल्याचं दिसतं.

शेवटी लक्ष टिकतं का ते तपासा. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार. शाळा न शिकलेली माणसंही हे करतात. बुधवारशी अडकून सुलट मोजू लागला किंवा विषयच विसरला, तर हा बहुधा मनाचा आजार नसून शरीराने घातलेला घोळ आहे.

पिशवी उलटी करा

‘कोणती औषधं चालू आहेत?’ असा प्रश्न विचारला की ‘बीपीची एक आणि शुगरची एक’ असं उत्तर येतं. ते जवळजवळ नेहमीच अपुरं असतं. गेल्या १४ दिवसांत शरीरात गेलेली प्रत्येक गोष्ट टेबलावर मांडा. उशीखाली, देव्हाऱ्याजवळच्या डब्यात, शर्टाच्या खिशात, फ्रिजच्या दारात बघा. रिकाम्या पट्ट्या कचऱ्यातून काढा, कारण किती गोळ्या गेल्या ते त्यांवरूनच मोजता येतं. डोळ्यांचे थेंब, सर्दीचं सिरप, मेडिकलवाल्याने सुट्या दिलेल्या गोळ्या, गुडघ्यासाठी कुणीतरी दिलेली ‘आयुर्वेदिक’ पूड, झोपेची अर्धी गोळी, शेजारणीने दिलेली पोटदुखीची गोळी, सगळं. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: कधी सुरू झालं, कधी वाढलं, कधी बंद झालं. बंद झालेलं औषधही गुन्हेगार असू शकतं. झोपेसाठी किंवा चिंतेसाठी रोज घेतली जाणारी अल्प्राझोलाम संपली आणि चार दिवस आणलीच नाही, एवढ्यानेही भ्रम होतो.

म्हाताऱ्या माणसांत एकच दोषी औषध क्वचित सापडतं, सापडते ती बेरीज. लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, पोटात कळ आली म्हणून डायसायक्लोमिन: चार वेगळ्या डॉक्टरांनी किंवा दुकानदारांनी दिलेल्या चार निर्दोष गोळ्या. पण चौघींचा एक गुण सारखा आहे. त्या ॲसेटिलकोलिन या रसायनाचं काम अडवतात. धोत्राही तेच करतो. थोडक्यात, आजोबांना हप्त्याहप्त्याने धोत्रा दिला जातो आहे. डोकं भरकटण्याआधी तोंड कोरडं पडतं, मळ खडा होतो, जवळचं वाचायला दिसत नाही. भ्रमाच्या आठवडाभर आधी या तक्रारी झालेल्या असतात, फक्त कुणी त्या जोडलेल्या नसतात.

मानसिक आजाराच्या औषधांसोबत अंग आखडू नये म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल देतात, तेही याच कुळातलं. बरं असलेल्या रुग्णाला अचानक प्राणी दिसू लागले तर ‘आजार उलटला’ म्हणून डोस वाढवण्याआधी ही गोळी दुप्पट जात नाही ना ते मोजा. बाहुली मोठी करणारे ॲट्रोपिनचे थेंबही याच कुळातले, आणि ते डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून नाकात आणि तिथून रक्तात उतरतात. लहान मुलाच्या डोळ्यात घालताना नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा तो यासाठीच.

बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर रक्तातल्या सोडियमची तपासणी (सिरम सोडियम) करून घ्या. १३५ ते १४५ ही नेहमीची पातळी. ती झपाट्याने खाली आली की माणूस आधी सुस्त होतो, मग भरकटतो.

धोत्रा

महाशिवरात्रीला धोत्र्याचं फूल आणि काटेरी फळ पूजेला घरात येतं. दुसऱ्या दिवशी ते निर्माल्यात पडतं आणि मूल त्याच्याशी खेळतं. पिकलेलं फळ फुटलं की भरपूर बिया निघतात. त्या मिरचीच्या बियांसारख्या दिसतात, म्हणून फरक माहीत हवा. मिरचीचं बी लहान, चपटं-गोल, गुळगुळीत आणि पिवळसर. धोत्र्याचं बी त्याहून मोठं, मूत्रपिंडाच्या आकाराचं, तपकिरी छटेचं, पृष्ठभाग खड्डेदार. चव घेऊन ओळखायचा प्रयत्न करू नका. ओकारीत किंवा पानात असं बी सापडलं तर डबीत घालून दवाखान्यात न्या.

या वनस्पतीचा गुन्ह्यासाठी वापर जुनाच. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथातही अन्नातून धोत्रा देऊन घर लुटण्याचा उल्लेख आहे. पण विषबाधेला हेतू लागतोच असं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात पालकाच्या पिकात धोत्र्याच्या जातीचं तण कापलं गेलं आणि पाकीटबंद पालक खाऊन शंभराहून अधिक लोकांना त्रास झाला. रानभाजी खुडताना हीच चूक होऊ शकते. एकाच पंगतीतली चार माणसं एकदम बरळू लागली तर कारण ताटात शोधायचं, घराण्यात नाही.

पोटात गेल्यावर अर्ध्या ते एक तासात तोंड सुकतं, आवाज घोगरा होतो, चेहरा लाल होतो, मग चाल लटपटते आणि बडबड सुरू होते. रुग्ण हवेतून अदृश्य दोरा ओढतो, नसलेली विडी ओढतो. हे एक-दोन दिवस चालतं. बाहुल्या त्यानंतरही काही दिवस मोठ्या राहतात, त्यामुळे शुद्धीवर आल्यावर उन्हात जाणं आणि गाडी चालवणं टाळायचं. नंतर त्या काळातलं त्याला फारसं आठवत नाही.

घरी करायचं ते एवढंच: गार खोली, पंखा, तापलं असेल तर ओल्या फडक्याने अंग पुसणं, आणि लगेच रुग्णालय. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. भ्रमात असलेला माणूस ते फुप्फुसात घेतो. ताक, तूप, लिंबू यांनी उतार पडत नाही, वेळ मात्र जातो. रुग्णालयात हृदयाचा आलेख काढतात, लघवीची नळी घालतात, लवकर पोचलात तर शुद्धीवर असलेल्याला औषधी कोळसा देतात आणि शांत करण्यासाठी लोराझेपाम किंवा डायझेपाम वापरतात. इथे एक चूक वारंवार होते. रुग्ण दंगा करतो म्हणून प्रोमेथाझिन किंवा क्लोरप्रोमाझिनचं इंजेक्शन दिलं जातं. दोन्ही औषधं स्वतःच ॲसेटिलकोलिन अडवतात, म्हणजे आगीत तेल. नातेवाइकांनी ‘धोत्र्याचा संशय आहे, काख कोरडी आहे, लघवी झालेली नाही’ ही तीन वाक्यं दारातच सांगितली तर ती चूक टळते.

याचा एक भाऊबंद वॉर्डातच तयार होतो. फवारणीची बाधा झालेल्या शेतकऱ्याला ॲट्रोपिन द्यावंच लागतं, तेच त्याचा जीव वाचवतं. पण जरुरीपेक्षा पुढे चालू राहिलं की विष उतरलेला माणूस चादर चिमटू लागतो, अंगावरच्या नळ्या ओढतो. तेव्हा ‘विष डोक्यात गेलं’ असं म्हणण्याआधी काख, ताप, नाडी आणि पोटातले आवाज तपासावेत. काख कोरडी, पोट गप्प, अंग तापलेलं असेल तर ॲट्रोपिन कमी करायची वेळ आली आहे. नातेवाइकांनी ते स्वतः बंद करायचं नाही, पण सिस्टरला सांगायला हरकत नाही.

भांग

होळीच्या थंडाईने होणारा गोंधळ बहुतेक घाईने होतो. पोटातून घेतलेली भांग चढायला अर्धा ते दोन तास लागतात. तासाभरात काही झालं नाही म्हणून दुसरा पेला घेतला जातो आणि मग दोन्ही एकदम चढतात. वेळ थांबल्यासारखा वाटतो, छाती धडधडते, ‘आता मी मरतो’ किंवा ‘सगळे माझ्यावर हसतायत’ असं डोक्यात घट्ट बसतं. सहसा सहा ते बारा तासांत उतरतं. शांत खोली, एक ओळखीचं माणूस, घोटभर पाणी, आणि दर थोड्या वेळाने ‘ही भांग आहे, उतरणार आहे’ हे वाक्य. दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी नाही.

भांगेतही तोंड सुकतं आणि डोळे लाल होतात, पण लघवी तुंबत नाही आणि अंग भट्टीसारखं तापत नाही. तसं झालं तर थंडाईत धोत्रा होता असं समजून रुग्णालयात निघा. छातीत दुखत असेल किंवा हलवून जागा होत नसेल तरीही निघा. चोवीस तासांनंतरही संशय आणि आवाज राहिले, विशेषतः घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचंच. ते भांगेवर ढकलून थांबू नये.

तिसऱ्या रात्रीचा भ्रम

पाय मोडला म्हणून सोमवारी भरती झालेला माणूस गुरुवारी पहाटे सलाईन काढून ‘गाडी चुकेल’ म्हणत दाराकडे निघतो. हात थरथरतात, घामाने कपडे भिजलेले, अंगावर किडे दिसतात. नातेवाईक भुलीच्या इंजेक्शनला दोष देतात. कारण बहुतेकदा असं असतं की रोज पिणाऱ्याची दारू सोमवारी अचानक तुटली आणि ते कुणी सांगितलं नाही. झटके पहिल्या दोन दिवसांत येऊ शकतात, पुरता भ्रम साधारण ४८ ते ९६ तासांत. यात जीव जातो, म्हणून लाज बाजूला ठेवून भरती होतानाच सांगा: रोज किती, कोणती, शेवटची कधी. ‘औषधापुरती घेतात’ हे माप नाही.

इथले उपचार म्हणजे डायझेपामच्या जातीचं औषध आणि थायमिनचं (ब-१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन, आणि थायमिन ग्लुकोजच्या सलाईनआधी. उलट क्रमाने दिलं तर उपाशी मेंदूतलं उरलंसुरलं थायमिन संपून स्मरणशक्तीला कायमची इजा होऊ शकते. साखर धोकादायक कमी असेल तर मात्र ग्लुकोज थांबवून ठेवत नाहीत. घरी ‘थोडी पाजून’ बघू नका.

जी औषधं मनाने थांबवायची नाहीत

*स्टेरॉइड.* पहिली खूण भास ही नव्हे, झोप उडते ती खूण. दोन-तीन रात्री जागरण, उत्साह, पहाटे कपाट आवरणं, मोठे बेत, मग संशय. धोका डोसबरोबर वाढतो. रुग्णालयांतल्या रुग्णांवरच्या १९७२ च्या अमेरिकी पाहणीत रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोलोनच्या जातीचं औषध घेणाऱ्यांत मानसिक त्रास १.३ टक्के होता, ८० च्या वर १८.४ टक्के. डेक्सामेथासोनची गोळी दिसायला लहान असते. तिचे ०.७५ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५. म्हणजे ८ मिलिग्रॅम डेक्सा ही प्रेडनिसोलोनच्या पन्नास मिलिग्रॅमच्या वरची मात्रा झाली. दीर्घकाळ चालू असलेलं स्टेरॉइड एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळून रुग्ण दगावू शकतो. डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. ते मात्रा उतरवतील, सकाळी घ्यायला सांगतील आणि गरज पडली तर मधल्या काळासाठी दुसरं औषध देतील. दोन दिवसांत दमा आणि सांधे एकदम बरे करणाऱ्या पुडीत स्टेरॉइड असण्याचा संशय जरूर घ्यावा.

*क्षयाची औषधं.* औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी दिलं जाणारं सायक्लोसेरिन यात पुढे आहे. आधी चिडचिड, उदासी, रात्री भयंकर स्वप्नं, नंतर आवाज आणि कधी आत्महत्येचे विचार. आयसोनियाझिडनेही होतं, पण कमी. दोन्हींसोबत ब-६ म्हणजे पायरिडॉक्सिनची गोळी दिलेली असते. ती ‘नुसती ताकदीची’ समजून सोडून देणारे पुष्कळ भेटतात. औषधं परस्पर बंद केली तर जंतू आणखी निर्ढावतात. क्षय केंद्रात त्याच दिवशी कळवा किंवा निक्षय संपर्क १८००-११-६६६६.

*पार्किन्सन.* लेव्होडोपा, प्रामिपेक्सोल, अमँटाडिन यांनी खोलीत लहान मुलं, मांजरं दिसतात. पुष्कळदा रुग्णाला ती त्रासही देत नाहीत. एकदम बंद केल्यास अंग लाकडासारखं ताठून तीव्र ताप येऊ शकतो. डॉक्टर आधी ट्रायहेक्सिफेनिडिल आणि अमँटाडिन काढतात, मग प्रामिपेक्सोल, लेव्होडोपाला शेवटी हात लावतात. अशा रुग्णाला भास शमवायला हॅलोपेरिडॉल दिलं तर हालचालच थांबते, हे तातडीच्या कक्षात आठवणीने सांगा.

एमडी

मेफेड्रोन २०१५ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, पण वापर चालूच आहे. दोन-तीन दिवस झोप नाही, जेवण नाही, जबडा आवळलेला, त्वचेखाली किडे चालतात म्हणून खरवडलेले हात, आणि ‘खाली पोलीस उभे आहेत’ ही खात्री. अशा माणसासमोर घोळका करू नका, दाराची वाट अडवू नका, त्याच्याकडे टक लावून बघू नका. अंग फार तापलं, छातीत दुखलं किंवा झटका आला तर १०८. डॉक्टरांना काय घेतलं ते खरं सांगा. नंतरच्या मदतीसाठी नशामुक्तीची हेल्पलाइन १४४४६.

सांभाळायचं कसं

एकानेच बोलावं. आवाज खाली, वाक्यं तोकडी: ‘अण्णा, मी सुमन. आपण घरी आहोत. रात्रीचे नऊ वाजलेत.’ मुंग्या नाहीतच म्हणून भांडू नका, आणि आहेत म्हणून मारूही लागू नका. ‘तुम्हाला दिसतायत, भीती वाटत असेल, मी इथेच आहे’ एवढं पुरतं. चष्मा आणि कानाचं यंत्र लावा. अर्धे भास अंधुक दिसण्या-ऐकण्यातून वाढतात. दिवा मंद पण चालू ठेवा, कारण अंधारात खुंटीवरच्या शर्टाचा माणूस होतो. बाल्कनीचं दार, गॅसचा नॉब, विळी, गाडीच्या किल्ल्या यांचा बंदोबस्त आधी करा. दोरीने बांधू नका. धरावंच लागलं तर पालथं पाडून पाठीवर बसू नका, श्वास कोंडतो. भूत उतरवायला मिरचीची धुरी देणं, बांधून मारणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. देवऋषी घरातलाच असला तरी.

विषाबद्दल सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८००-११६-११७ वर दिवसरात्र बोलतं. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६.

भ्रम उतरल्यावर दोन कामं राहतात. कारण ठरलेलं औषध १८००-१८०-३०२४ या औषध-दुष्परिणाम हेल्पलाइनवर कळवा, ते रुग्णाचे नातेवाईकही करू शकतात. आणि एका जाड कागदावर औषधाचं नाव, मात्रा, तारीख आणि काय झालं ते लिहून तो कागद आधार कार्डाच्या पाकिटात ठेवा. पुढच्या वेळी भरती करताना पिशवीआधी ते पाकीट काढलं जातं.